थ्रिलरची पहिली दोन मिनिटं: काळोख मोजून घ्यायचा

थ्रिलरची सुरुवात शूट करणार असाल तर थ्रिलर म्हणजे अंधार आणि अंधार म्हणजे एक्स्पोजर (कॅमेरा घेतो तो उजेड) खाली, ही समजूत आधी डोक्यातून काढा. बाकीचं नंतर वाचलंत तरी चालेल. शॉट डिव्हिजन (दृश्याची शॉटमध्ये विभागणी), की लाइट (मुख्य दिवा), फिल लाइट (सावली उजळणारा दिवा), बॅकलाइट (मागून येणारा दिवा) हे तुम्हाला माहीत आहे असं धरतो.

एक्स्पोजर खाली ओढून खोली शूट केली की चेहरा, भिंत, कपाट, पडदा, सगळं सारख्याच प्रमाणात काळवंडतं. दोन गोष्टींमधला फरक होता तेवढाच राहतो. भरदुपारी गॉगल लावून ठाण्याच्या तलावपाळीवर फिरावं तसं. प्रेक्षकाला भीती वाटत नाही, तो मोबाइलचा ब्राइटनेस वाढवतो, आणि सावलीत दडलेली सगळी घाण वर येते. फोन आणि साधे मिररलेस कॅमेरे बहुतेकदा 8-बिट फाइल देतात, म्हणजे प्रत्येक रंगाला 256 पायऱ्या. अंधाराच्या वाट्याला त्यातल्या मोजक्याच येतात. म्हणून भिंतीवरचा उजेड हळूहळू विरत जाण्याऐवजी पट्ट्यापट्ट्यांनी उतरतो. त्यावर यूट्यूबचं कॉम्प्रेशन (फाइल दाबून लहान करणं) बसलं की कोपऱ्यात चौकोन नाचू लागतात. तो भाग ग्रेडमध्ये (शूटनंतर रंग-उजेड ठीक करताना) उचलायला गेलात तर हिरवट-जांभळा चिखल हाती येतो.

हा सापळा फसवा आहे तो आपल्याच डोळ्यांमुळे. रात्री दोन वाजता अंधाऱ्या खोलीत बाहुल्या मोठ्या झालेल्या असतात. कॅमेऱ्याचा छोटा स्क्रीन तेव्हा भगभगीत दिसतो आणि वाटतं, फारच उजेड आहे, आणखी अर्धा स्टॉप खाली घेऊ. मग आणखी अर्धा. (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा.) सकाळी तीच फाइल उजेडात उघडली की काळी पाटी. कॉलेजच्या सभागृहात पडदे अर्धवट ओढलेले असतात आणि प्रोजेक्टर जुना असतो. तिथे तर दोन मिनिटं नुसते आवाजच ऐकू येतात. म्हणून स्क्रीनवर विश्वास नको. वेव्हफॉर्म, म्हणजे फ्रेममधला उजेड 0 (काळा) ते 100 (पांढरा) टक्क्यांत दाखवणारा आलेख, चालू करा आणि आकडे बघा. फोनवर शूट करत असाल तर मॅन्युअल अॅप घ्या. ब्लॅकमॅजिकचं कॅमेरा अॅप फुकट आहे.

आकडे साधारण असे धरा. फ्रेममध्ये एक जागा 80 ते 90 टक्क्यांवर हवी, मग ती कितीही लहान असो: देवघरातली समई, उघड्या फ्रीजचा दिवा, दाराखालची फट, समोरच्या टॉवरमधली एकच पेटलेली खिडकी. चेहऱ्याची उजेडाकडची बाजू 35 ते 45, सावलीकडची 10 ते 15, मागची भिंत 5 ते 10. शून्यावर आपटलेला भाग थोडाच असू द्या. त्या एका 90 च्या ठिपक्यामुळे बाकीचा काळोख काळोख वाटतो. तो झाकून बघा, तीच फ्रेम नुसती मळकट दिसेल.

चेहऱ्याच्या दोन बाजूंत 2 स्टॉपचा फरक म्हणजे 4:1, 3 स्टॉपचा म्हणजे 8:1. टीव्ही मालिकेतल्या दिवाणखान्यात तो 2:1 च्या आसपास असतो. थ्रिलरसाठी 8:1 पासून सुरुवात करा आणि मग हवं तर कमी करा. शूट करताना एक स्टॉप जास्त उजेड घ्या आणि ग्रेडमध्ये खाली आणा. असा वरून खाली आणलेला काळा स्वच्छ राहतो. बल्बचा गाभा पांढरा फटक पडला तर पडू दे, चेहरा मात्र असा फाटता, म्हणजे पांढरा पडता, कामा नये.

हे वाचून दडपण आलं असेल तर हे ऐका: यासाठी ट्रकभर लाइट लागत नाहीत. दोन एलईडी पॅनल, एक साधा बल्ब आणि भरपूर काळा कपडा पुरतो. कपडा जास्त महत्त्वाचा.

कारण आपली घरं. 10 बाय 12 फुटांची खोली, पिस्ता नाहीतर क्रीम रंगाच्या भिंती, पांढरं छत, खाली चकचकीत टाइल. एक दिवा लावला की उजेड चारही भिंतींवरून उडून सावलीत परत येतो. फिल लाइट न लावताही खोली स्वतःच फिल देते. नवशिक्यांचा 8:1 नेमका इथे 3:1 होतो आणि मग ते पुन्हा एक्स्पोजर खाली ओढतात. उपाय असा: चेहऱ्याच्या सावलीकडे, फ्रेमच्या अगदी कडेपर्यंत काळा कपडा टांगा. सेटवर याला निगेटिव्ह फिल म्हणतात. ठाण्यात जांभळी नाक्याच्या बाजारात कापड घ्यायला गेलात तर साटीन घेऊ नका, ते चमकतं. जाड, बिनचमकीचं काळं सुती नाहीतर मखमल घ्या. फरशीवरही एक अंथरा. छताकडे जाणारा उजेड दिव्यावर पुठ्ठ्याचा कटर लावून तोडा.

दुसरं, अंतर. उजेड अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. दिवा चेहऱ्यापासून 1 मीटरवर आणि मागची भिंत दिव्यापासून 3 मीटरवर असेल तर भिंतीवर चेहऱ्याच्या नवव्या हिश्श्याइतका उजेड पोचतो, म्हणजे 3 स्टॉपहून थोडा जास्त फरक. नटाला भिंतीला चिकटवून बसवलंत तर हा फायदा गेला. सोफा ओढा, कपाट हलवा, हवं तर कॅमेरा पॅसेजमध्ये न्या, पण माणूस आणि भिंत यांच्यात हवा राहू द्या.

आता सावल्यांचे आकार. परदेशी थ्रिलर बघून खिडकीला आडव्या पट्ट्यांचे ब्लाइंड लावणारे खूप. आपल्याकडे कुणाच्या स्वयंपाकघरात ते असतात? आपल्याकडे सेफ्टी ग्रिल आहे, जुन्या इमारतींच्या जिन्याला सिमेंटची जाळी आहे, चॅनेल गेट आहे, कपडे वाळत घालायच्या दोऱ्या आहेत. ग्रिलची सावली धारदार हवी तर दिवा लहान आणि दूर ठेवा, खिडकीबाहेर 3-4 मीटरवर. उजेड मऊ करणारा मोठा सॉफ्टबॉक्स लावलात तर गज विरून जातात. पहिल्या मजल्यावर हे स्टँडवर जमतं. आठव्या मजल्यावर जमत नाही, तिथे ग्रिलचा तुकडा किंवा पट्ट्या चिकटवलेली चौकट खोलीतच दिव्यापुढे धरायची.

लाइटमनला विचारा. माझं ठाम मत आहे की शनिवार-रविवारच्या ‘सिनेमॅटिक लुक’ कार्यशाळेपेक्षा वीस वर्षं स्टँड उचललेला लाइटमन एका चहात जास्त शिकवतो. आणि जो सीनियर प्रत्येक अडचणीवर ‘ग्रेडमध्ये बघू’ म्हणतो, त्याचा सल्ला ग्रेडपुरताच ठेवा. एलयूटीचे (तयार रंगछटांच्या फाइलींचे) पॅक विकत घेऊन निळा-नारिंगी रंग फासणं हाही त्यातलाच प्रकार. जिथे उजेडातच फरक नाही तिथे एलयूटी नुसती धुळीला रंग देते.

रंग आधी वस्तूंतून ठरवा. दोन रंग निवडा, बाकीचे फ्रेमबाहेर काढा: लाल बादली, हिरवा पायपुसणा, बिस्किटाचा पिवळा पुडा. हे फुकट होतं आणि कुणी करत नाही. व्हाइट बॅलन्स (कॅमेरा कुठला उजेड पांढरा धरतो ते) ऑटोवर मुळीच नको, शॉट चालू असताना तो सरकतो. 4000 ते 4300 केल्विनवर बांधून टाका. 6500 ची ट्यूब निळसर पडते, 2700 चा बल्ब उबदार राहतो, आणि एकाच फ्रेममध्ये थंड-गरम आपोआप मिळतं.

फ्लिकरचं, म्हणजे दिव्यांच्या लुकलुकण्याचं, थोडक्यात. आपली वीज 50 हर्ट्झची, म्हणजे मेनवरचे दिवे सेकंदाला 100 वेळा लुकलुकतात. शटर 1/50 किंवा 1/100 सेकंद ठेवा. सेकंदाला 25 फ्रेम असतील तर 1/50 सरळ बसतं. 24 फ्रेमला 180 अंशांचं शटर (प्रत्येक फ्रेमचा निम्मा वेळ उघडं) म्हणजे 1/48 होतं, तिथे 172.8 अंश घ्या. फोन 30 फ्रेमवर 1/60 घेतो आणि ट्यूबखाली पट्टे सरकू लागतात, ते हाताने 1/50 करा. ट्यूबखाली 120 फ्रेमचा स्लो मोशन नको. 50 फ्रेमला 1/100 चालतं. स्वस्त एलईडी पट्ट्या आणि डिमर मात्र कुठल्याच हिशेबात बसत नाहीत. फोनचा 240 चा स्लो मोशन लावून आदल्या दिवशी तपासा.

पहिल्या शॉटमध्ये दाखवायचं काय? इथे बहुतेकांना खून दाखवायची घाई असते. दिग्दर्शक फ्रिट्झ लांगच्या 1931 च्या ‘एम’ या चित्रपटात मुलीचा खून दिसतच नाही. दिसतं ते रिकामं ताट, रिकामा जिना, गडगडत आलेला चेंडू, तारांत अडकलेला फुगा. खुनी आधी सावली म्हणून येतो, आणि ती पडते त्याच्याचसाठी बक्षीस जाहीर करणाऱ्या पत्रकावर. आपल्या सोसायटीत याला जोड शोधायला लांब जावं लागत नाही: कडीला तशीच लटकलेली दुधाची पिशवी, दाराशी पडलेले तीन दिवसांचे पेपर, एकच चप्पल. अशी वस्तू फ्रेमच्या मधोमध ठेवू नका. कडेला ठेवा, उरलेल्या दोन-तृतीयांश जागेत रिकामा पॅसेज राहू द्या, आणि शॉट 6-7 सेकंद धरा. रिकाम्या जागेकडे बघणारा प्रेक्षक तिथे कुणीतरी येईल म्हणून थांबतो. तो आला नाही तरी चालतं. पहिल्या वेळी न येणंच बरं.

लेन्सबद्दल: फोनचा मुख्य कॅमेरा साधारण 24 मिलिमीटरच्या लेन्सइतकं रुंद बघतो. जवळून चेहरा घेतला की नाक फुगतं. विचित्रपणा हवा असेल तर ठीक, एरवी मागे जा आणि दुप्पट क्रॉप करा. 85 मिलिमीटरच्या लेन्सने लांब पॅसेज दाबला जातो, दूरचं दार माणसाच्या पाठीला टेकल्यासारखं वाटतं. पाठलागाच्या आधीच्या शॉटला हे उत्तम. कॅमेरा तिरका करायचा तर पूर्ण सुरुवातीत एकदाच आणि 5 ते 10 अंश. प्रत्येक शॉट तिरका असेल तर प्रेक्षकाला वाटतं ट्रायपॉडचा पाय मोडलाय.

हालचाल हळू ठेवा. 20 सेकंदांत 30 सेंटिमीटर पुढे, इतकी हळू की कॅमेरा सरकतोय हे कळू नये, फक्त खोली आवळतेय असं वाटावं. व्हीलचेअरची डॉली (कॅमेरा सरकवायची गाडी) टाइल्सच्या सांध्यांवर हिसके देते, खाली प्लायवूड टाका. पॅन करताना, म्हणजे कॅमेरा जागेवरच आडवा फिरवताना, एखादी वस्तू फ्रेमच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जायला 7 सेकंद तरी लागू द्या. त्याहून वेगाने गेलात तर 24-25 फ्रेमला चित्र थरथरतं.

धूर हवा असेल तर बॅकलाइट हवाच, समोरून दिवा मारला तर नुसतं धुकट पांढरं. धुपाचा धूर चालतो, पण पंखे बंद, खिडक्या बंद, आणि टेकआधी चार-पाच मिनिटं तो सारखा पसरू द्या. नाहीतर एका शॉटला ढग आणि पुढच्याला स्वच्छ हवा. नव्या टॉवरच्या लॉबीत स्मोक डिटेक्टर आहेत का बघा. वाजला तर शूट तिथेच संपतं.

बाहेरच्या शॉटसाठी ठाणे आणि नवी मुंबई ही दोन्ही शहरं श्रीमंत आहेत. तुर्भे-रबाळे पट्ट्यातल्या कारखान्यांच्या लांबलचक भिंती, पाम बीच रोडच्या एका बाजूला उजेड आणि दुसऱ्या बाजूला खाडीचा गच्च काळोख, वाशी नाहीतर बेलापूर स्टेशनाबाहेरचे रुंद, रात्री ओस पडलेले सिडकोचे चौक, घोडबंदरचे अर्धवट टॉवर. पूर्ण रात्र होऊ देऊ नका. सूर्य मावळल्यावर आकाशात निळा उजेड आपल्याकडे जेमतेम 20-25 मिनिटं टिकतो. तेवढ्यात टॉवरच्या कडा आकाशावर उठून दिसतात. त्यानंतर आकाश आणि इमारत एकच काळं. तालीम आधी करून ठेवा, त्या वेळेत तीन टेकच्या वर होत नाहीत.

पावसाळा तुमचा मित्र आहे. ओला डांबरी रस्ता प्रत्येक दिव्याची रेघ काढतो, त्यामुळे दिवे न वाढवता 90 चे ठिपके मिळतात. पाऊस दिसायला मात्र दिवा पावसाच्या मागे हवा, समोरून थेंब दिसतच नाहीत. एसी खोलीतून कॅमेरा एकदम बाहेर काढलात तर लेन्सवर बाष्प बसतं, अर्धा तास आधी बॅगेतच बाहेर ठेवा.

परवानग्या टाळायच्या नादी लागू नका. स्टेशनात शूटसाठी रेल्वेची, येऊरच्या जंगलात वनखात्याची, सोसायटीत सेक्रेटरीची लेखी परवानगी लागते. सार्वजनिक जागांसाठी राज्याच्या चित्रपट, रंगभूमी आणि सांस्कृतिक विकास महामंडळाची एक खिडकी योजना आहे. नकली पिस्तूल किंवा रक्त रस्त्यावर काढणार असाल तर जवळच्या पोलिस ठाण्यात आधी कळवा. हा शॉर्टकट खरोखर महागात पडतो.

शेवटी नावं. इंग्रजी थ्रिलरची नावं अक्षरं लांब लांब ठेवून येतात म्हणून देवनागरीतही ट्रॅकिंग (अक्षरांमधलं अंतर) वाढवायचं नाही. शिरोरेषा तुटते आणि शब्द दात पडल्यासारखा दिसतो. फार बारीक जाडीचा फाँट घेतला तर वेलांट्या आणि रफार कॉम्प्रेशनमध्ये गायब होतात. मध्यम जाडी घ्या, दोन ओळींत नेहमीपेक्षा जास्त अंतर ठेवा, उकार आणि मात्रा एकमेकांत घुसतात. प्रीमियर या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये जोडाक्षरं फुटत असतील तर प्रेफरन्समध्ये ग्राफिक्सखाली टेक्स्ट इंजिन साउथ एशियनवर न्या आणि नवा प्रोजेक्ट उघडा. नावाचा रंग शुद्ध पांढरा नको, 75-80 टक्क्यांचा राखाडी ठेवा. नाहीतर फ्रेममधल्या त्या एका पेटलेल्या खिडकीपेक्षा आधी दिग्दर्शकाचं नाव दिसतं.