हरवलेली निरागसता आणि अपराधभाव: नाटकातील प्रतीक कसे वाचावे

नाटकातील प्रतीके शोधणारा वाचक बहुधा एखादी वस्तू हेरतो आणि 'पांढरा रंग म्हणजे निरागसता' एवढे लिहून मोकळा होतो. हे विधान चुकीचे नसते, पण त्यातून नाटकात काय घडते ते कळत नाही. निरागसता एकदाच हरवते, अपराधभाव मात्र पुन्हापुन्हा उसळतो. म्हणून प्रतीक कधी येते, कोणाला जाणवते आणि कशाने थांबते, याकडे लक्ष द्यावे.

टेनेसी विल्यम्स यांचे १९४७ साली रंगमंचावर आलेले 'अ स्ट्रीटकार नेम्ड डिझायर' या अभ्यासाला फार सोयीचे आहे. त्यात ब्लांश ही नायिका धाकटी बहीण स्टेला आणि तिचा नवरा स्टॅन्ली यांच्या घरी राहायला येते. संवादांइतक्याच बारकाईने त्यातील रंगसूचना, म्हणजे नाटककाराने प्रयोगासाठी लिहिलेल्या सूचना, वाचाव्यात आणि 'वार्सोव्हियाना' या पोल्काच्या (एका नृत्यप्रकाराच्या) सुरावटीचा उल्लेख येईल तिथे खूण करावी. पहिल्या प्रवेशाच्या शेवटी स्टॅन्ली ब्लांशच्या लग्नाचा विषय काढतो तेव्हा ही सुरावट दुरून, अस्पष्ट ऐकू येते आणि तिचे कारण आपल्याला ठाऊक नसते. ते कळते सहाव्या प्रवेशात: कोवळ्या वयात लग्न झालेल्या ब्लांशला नवऱ्याचे एका पुरुषाशी असलेले संबंध समजले होते, त्याच रात्री याच सुरावटीवर नाचताना तिने त्याला 'तुझी किळस येते' अशा अर्थाचे शब्द ऐकवले आणि त्याने बाहेर धावत जाऊन स्वतःवर गोळी झाडली.

आता थांबण्याची जागा पाहावी. नवव्या प्रवेशात ब्लांश स्वतःच सांगते की गोळीचा आवाज झाला की संगीत नेहमी थांबते. ते तिच्या मनात वाजते. प्रेक्षकांना ऐकू येते, शेजारी उभ्या असलेल्या मिचला, म्हणजे तिच्याशी जवळीक झालेल्या स्टॅन्लीच्या मित्राला, मात्र नाही. प्रेक्षक अशा रीतीने तिच्या अपराधभावाच्या आत ओढले जातात, आणि माझ्या मते नाटककाराची खरी कमाल इथेच आहे. अखेरच्या प्रवेशात तीच धून विकृत होऊन येते, तेव्हा स्मृती आणि वर्तमान यांतील सीमा पुसली गेल्याचे वेगळे सांगावे लागत नाही.

दिव्यावरच्या कागदी कंदिलाची नोंद थोडक्यात पुरे: तो मिच लावतो, मिचच फाडतो, आणि शेवटी स्टॅन्ली पुन्हा ओरबाडतो तेव्हा जणू तो कंदील म्हणजे आपणच असल्यासारखी ब्लांश किंचाळते. तिच्या वारंवार स्नान करण्याबद्दल मात्र सावध राहावे. ती पाप धुते आहे असे लगेच सुचते, पण सातव्या प्रवेशात ती न्हाणीघरात गात असताना बाहेर स्टॅन्ली तिचा पूर्वेतिहास स्टेलाला सांगत असतो. त्या विसंगतीचा विचार न करता काढलेला अर्थ अपुरा राहतो.

लिहिताना सुरुवात प्रसंगापासून करावी, मग रंगसूचना द्यावी आणि अर्थ त्यानंतर मांडावा. प्रत्येक अपराधभावाला प्रतीक असतेच असेही गृहीत धरू नये. स्टॅन्लीने अत्याचार केल्याचे बहीण सांगते, त्यावर विश्वास ठेवला तर त्याच्याबरोबर राहता येणार नाही, हे स्टेला शेवटी उघडपणे बोलते, पण तिच्यासाठी अशी कोणतीही सुरावट वाजत नाही. तिचा अपराधभाव त्या कबुलीत आणि तिच्या रडण्यातच वाचावा लागतो.