शेतीकामाला पिकअप घेताय? आधी पांदण मोजा, या चुका टाळा

नागपूरच्या काटोल रोडवरच्या डांबरावर मी गाडीची ट्रायल घेतली, तो डिसेंबर होता. संत्र्याच्या आंबिया बहाराची तोडणी संपत आली होती, हातात पैसा होता आणि पिकअप मस्त पळत होती. जुलैच्या पहिल्याच झडीत तीच गाडी वावरापासून चारशे पावलांवर धुऱ्याला (बांधाला) लागून फसली. तीही रिकामी! शेजारचा ट्रॅक्टरवाला साखळी घेऊन आला, मागच्या चाकाकडे बघून म्हणाला, "भाऊ, रिकामी हाय म्हणूनच फसली. मांगं वजनच नाही ना."

तो बरोबर बोलला. आपल्याकडच्या बहुतेक पिकअपमध्ये इंजिन पुढे आणि जोर मागच्या चाकांवर असतो. डाला, म्हणजे मागची माल भरायची जागा, रिकामा असला की ही चाकं हलकी राहतात. त्यात आपली काळी माती: टायरच्या खाचा दोन फेऱ्यांत भरतात आणि टायर पाटीसारखा सपाट होतो. एक चाक घसरायला लागलं की सगळा जोर त्याच चाकाला जातो, दुसरं नुसतं उभं राहतं. अशा वेळी एक्सलरेटर दाबणं म्हणजे स्वतःसाठी खड्डा खणणं. थांबा, चाकासमोरची माती फावड्याने उतरती करा, पऱ्हाट्या (कापसाची वाळलेली झाडं) किंवा जुने पोते टाका, टायरची हवा थोडी कमी करा आणि दुसऱ्या गिअरमध्ये हळू काढा. साखळी लावायची तर गाडीच्या हुकलाच. बंपरला लावलेली साखळी बंपर घेऊन येते. पावसाळ्यात रिकामं जायचं असेल तर मागच्या एक्सलच्या वर मातीची चार-पाच पोती ठेवतो मी आता. डांबरी रस्त्याला लागलो की पुन्हा हवा भरायची, हे मात्र विसरू नका. मऊ टायर वेगात तापतो.

म्हणून पहिली चूक म्हणजे गाडी रस्त्यावर बघणं. टेप घेऊन पांदणीवर, म्हणजे वावराकडे जाणाऱ्या कच्च्या वाटेवर जा. सर्वात अरुंद जागा किती फूट आहे, मध्ये गवताचा उंचवटा किती आहे, गाडी वळवायला कोपरा आहे का, संत्र्याच्या फांद्या कुठपर्यंत आल्यात, हे लिहून घ्या. मग शोरूमवाल्याला सांगा, गाडी वावरात आणा. तो कां कूं करेल, पण विकायची असेल तर आणेल. पांदण खरंच वाईट असेल तर फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना जोर असलेली गाडी बघा, नाहीतर सरळ ट्रॅक्टर-ट्रॉलीने माल डांबरापर्यंत आणा आणि तिथून छोटी गाडी वापरा. आमच्याकडे कित्येक जण हेच करतात, आणि त्यात कमीपणा काही नाही.

दुसरी चूक वजनाची, आणि ती अंदाजाने होते. डाला भरलेला दिसला म्हणजे गाडी भरली, असं आपण धरतो. कापसाच्या बाबतीत ते चालून जातं. डाला वरपर्यंत फुगतो तरी वजन बेताचं. पाण्याचं उलट आहे. हजार लिटरची टाकी डाल्यात अर्धीमुर्धी जागा घेते, पण पाणीच एक टन. वर टाकी, फवारणीचा एचटीपी पंप, पाइप आणि दोन माणसं. पाऊण टन माल नेणाऱ्या गाडीवर हे लादून लोक फवारणीला निघतात आणि मग पाटे (चाकांवरच्या पट्ट्यांच्या स्प्रिंगा) तुटले म्हणून कंपनीला शिव्या देतात. टाकी अर्धी असेल तर आणखी वाईट, कारण वळणावर पाणी एका बाजूला धावतं आणि गाडी झुकते. खताचा हिशेबही करून बघा: डीएपीची बॅग 50 किलोची, युरियाची 45 किलोची. वीस बॅगा डीएपी म्हणजे टन झाला.

यावर गॅरेजवाल्याचा उपाय ठरलेला: "एक जादा पाटा टाकून देतो." पाट्याने गाडी मागून वाकत नाही, एवढंच. ब्रेक तेच, एक्सल तोच, आरसीवरचं वजनही तेच. मोटार वाहन कायद्याच्या कलम 194 खाली जादा वजनाला 20,000 रुपये दंड आहे, वर प्रत्येक जादा टनाला 2,000.

तोडणीच्या पंधरा दिवसांवर डोळा ठेवून मोठी गाडी घेणं हीही चूकच. नागपूरच्या कळमना बाजारात संत्रा न्यायचा तो हंगाम सोडला तर वर्षभर काम काय असतं? चारा, खत, पंपाची मोटर, बियाणं. हंगामात भाड्याने गाडी मिळते. हप्ता मात्र बारा महिने असतो. शिवाय मालासह एकूण वजन 3,000 किलोपर्यंत असलेल्या मालगाडीला परमिट लागत नाही. मोठ्या पिकअप बऱ्याचदा या आकड्याच्या पुढे जातात, तेव्हा विचारूनच घ्या.

सीएनजीचा मोह होतो. जवळ पंप आहे का, रांग किती, आणि सिलिंडरमुळे माल किती कमी बसतो, हे आधी पाहा. 2022 मध्ये नागपुरात सीएनजी किलोला 120 रुपयांवर गेला होता, ते अनेकांना आठवत असेल. डिझेलचंही एक दुखणं आहे. बीएस-6 च्या (धुराच्या नव्या नियमांच्या) बहुतेक डिझेल गाड्यांत काजळी अडवणारी जाळी, डीपीएफ, असते. ती काजळी जळायला सायलेन्सर चांगला तापावा लागतो. घर ते वावर, दोन किलोमीटर, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, असं महिनाभर चाललं की स्टिअरिंगसमोर डीपीएफचा दिवा लागतो. दिवा दिसताच गाडी मोठ्या रस्त्यावर अर्धा तास एका वेगात चालवा. दुर्लक्ष केलं तर गाडी जोर धरत नाही आणि मग सर्व्हिस सेंटरची वारी.

कापूस वेचायला येणाऱ्या बायांना डाल्यात बसवून आणणं ही सर्रास सवय. मालगाडीच्या विम्यात ती माणसं धरलेली नसतात. अपघात झाला तर भरपाई मालकाच्या गळ्यात येते. मजूर रोजचे असतील तर पाच जणांची केबिन असलेली बोलेरो कॅम्परसारखी गाडी बघा, डाला लहान मिळेल.

एक गोष्ट कुणीच मोजत नाही, डाल्याची उंची. संत्र्याचं भरलेलं कॅरेट वीस किलोच्या आसपास असतं आणि ते दिवसभर कुणीतरी उचलून वर ठेवायचं असतं. माझ्या गाडीची फळी बायांच्या छातीपर्यंत येत होती. दुपारनंतर कॅरेट हातातून सुटायला लागले. शेवटी विहिरीजवळ मुरूम टाकून दीड फुटाचा ओटा केला, गाडी मागे घेऊन त्याला लावतो, आणि कॅरेट उचलायचे नाहीत, सरकवायचे.