७७७ मारायच्या आधी यूआयडी बघा: एनएफएस शेअरच्या या चुका टाळा

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत चादरीच्या एका कारखान्यातली डिझाइन सेक्शनची लिनक्स मशीनं मी बघतो, जेकार्डच्या (मागावर नक्षी विणायच्या) फायली सगळ्या एका सर्व्हरवर आणि तिथनं एनएफएसनं, म्हणजे नेटवर्कवरनं फोल्डर वाटायच्या सोयीनं, सगळीकडं माउंट. मागं ऐन ऑर्डरच्या गडबडीत एका पोराला फाइल सेव्ह होईना, परमिशन डिनाइड, मी घाईत अख्ख्या फोल्डरला ७७७ मारून, म्हणजे सगळ्यांना सगळी परवानगी देऊन, मोकळा झालो. दोन दिवसांनी फायनल झालेल्या डिझाइनवर कुणीतरी दुसरंच सेव्ह केलेलं, आणि कुणी ते कळायला मार्ग नाही.

मूळ भानगड वेगळीच होती. एनएफएसच्या साध्या सेटिंगमध्ये सर्व्हर युजरचं नाव बघतच नाही, क्लायंट (शेअर वापरणारं मशीन) युजरचा जो यूआयडी, म्हणजे ओळख नंबर, पाठवतो तोच खरा मानतो. उबुंटूत पहिला युजर १०००, पुढचा १००१. एका मशीनवर डिझायनरचं खातं आधी काढलं आणि दुसऱ्यावर ऑफिसवाल्याचं, की झाली अदलाबदल, नाव सारखं असून काय उपयोग! म्हणून दोन्हीकडं आयडी कमांड मारा आणि नंबर जुळत नसेल तर यूजरमॉड मायनस यू नं जुळवून घ्या, पण होम फोल्डरच्या बाहेरच्या फायलींची मालकी तुम्हालाच चाऊननं बदलावी लागते, हे लई जण विसरतात.

सगळ्यांना एकाच फोल्डरमध्ये लिहायचंय तर ग्रुप करा, त्याचा जीआयडी (ग्रुपचा नंबर) पण सगळीकडं एकच ठेवा, फोल्डरला २७७५ परमिशन द्या आणि युमास्क ००२ ठेवा, म्हणजे नवीन फाइलीवर ग्रुपला पण लिहिता येतं. २७७५ मधला सुरुवातीचा २ असला की नवीन फाइल आपोआप त्याच ग्रुपची होते. यूजरमॉडनं ग्रुपमध्ये घालताना मायनस ए जी दोन्ही लिहा (जी कॅपिटल), ए राहिला तर बाकीचे ग्रुप जातात, अ‍ॅडमिनचे अधिकार देणाऱ्या सुडोसकट. आणि लॉगआउट करून परत लॉगइन करायला सांगा.

कुठल्या मशीनला शेअर द्यायचा ते सर्व्हरवरच्या एक्स्पोर्ट्स फाइलीत लिहितात, तिथं आयपी आणि कंसाच्या मधी स्पेस सोडू नका, स्पेस पडली की कंसातलं आरडब्ल्यू (वाचा-लिहायची परवानगी) त्या मशीनला नाही, सगळ्या जगाला लागू होतं. बदल केला की तो लागू करायला एक्स्पोर्टएफएस मायनस आरए मारा.

सुडो लावूनही लिहिता येत नाही म्हणून त्याच फाइलीत नो रूट स्क्वॅश टाकू नका, मग कुठल्याही क्लायंटचा रूट (मुख्य अ‍ॅडमिन) तुमच्या शेअरवर पण रूटच. आणि मालक म्हणून सगळीकडं नोबडी दिसत असेल तर एनएफएस व्हर्जन ४ मध्ये आयडीमॅपडीचं (नावं आणि नंबर जुळवणाऱ्या सर्व्हिसचं) डोमेन दोन्हीकडं सारखं आहे का बघा. शंका आली की एलएस मायनस एलएन मारा, त्यात मालकांची नावं नाही, थेट नंबर दिसतात.