रजोनिवृत्तीच्या काळात शब्द अडू लागले, तर संवाद कसा सांभाळावा

पाळी अनियमित होऊ लागल्यापासून ती पूर्ण थांबेपर्यंतच्या काही वर्षांत अनेक स्त्रियांना ओळखीच्या माणसाचे नाव ऐनवेळी आठवत नाही, बोलता बोलता वाक्याचा धागा सुटतो आणि नुकतेच ऐकलेले पुन्हा विचारावे लागते. याला आता सर्रास ‘ब्रेन फॉग’ म्हटले जाते. एखादा शब्द न आठवल्याने कोणाचे फारसे काही बिघडत नाही. पण चारचौघांत फजिती होईल या धास्तीने बाई बोलायचेच टाळू लागते, बैठकीत मागे बसते, फोन उचलत नाही, आणि घरातही ‘हो’ला ‘हो’ करून मोकळी होते, तेव्हा मात्र तिचे नुकसान सुरू होते. म्हणून या काळात बोलणे चालू कसे ठेवावे, याचाच विचार पुढे केला आहे.

कारण आधी समजून घ्यावे, म्हणजे निम्मी धास्ती कमी होते. सलग १२ महिने पाळी आली नाही की रजोनिवृत्ती झाली असे मानतात. भारतीय स्त्रियांमध्ये हे सरासरी ४६-४७ व्या वर्षी घडते, तर पाश्चात्त्य देशांत ५१ च्या आसपास. त्याआधीच्या संक्रमणाच्या वर्षांत इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकाची पातळी एकसारखी उतरत नाही, ती वरखाली होत राहते. आणि स्मरणाशी निगडित असलेला हिप्पोकॅम्पस व लक्ष सांभाळणारा मेंदूचा पुढचा भाग हे दोन्ही या संप्रेरकाला प्रतिसाद देणारे आहेत. त्यात रात्री घाम येऊन झोपमोड झाली की दुसऱ्या दिवशी त्याची भर पडते. सर्वांत आधी जाणवतो तो शब्दांच्या स्मरणावरचा परिणाम, म्हणजे नावे, ऐकलेल्या याद्या, तोंडी दिलेले निरोप. अमेरिकेत १९९० च्या दशकात सुरू झालेल्या, मध्यमवयीन स्त्रियांच्या आरोग्यावरच्या ‘स्वान’ या दीर्घकालीन अभ्यासाचे २००९ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष दिलासा देणारे आहेत. त्याच त्या चाचण्या पुन्हा दिल्यावर सरावाने जी सुधारणा व्हायला हवी, ती संक्रमणकाळात दिसली नाही, रजोनिवृत्तीनंतर मात्र ती पुन्हा दिसू लागली. साठीच्या आतला स्मृतिभ्रंश एकूणच विरळा असतो, हेही लक्षात ठेवावे.

शब्द अडला तर

शब्द आठवेना म्हणून थांबू नये. त्या वस्तूचे काम, जागा किंवा रूप सांगून वाक्य पूर्ण करावे. स्वयंपाकघरात ‘सांडशी’ हा शब्द सुचला नाही, तर “गरम पातेलं उतरवायचं ते दे गं” एवढे पुरते, आणि पुष्कळदा वाक्य संपण्याच्या आत शब्द आपोआप येतो, कारण त्याच्यामागे लागणे आपण सोडलेले असते. विज्ञान शिकवणाऱ्या शिक्षिकेला वर्गात ‘हरितद्रव्य’ हा शब्द ऐनवेळी आठवला नाही, तर ती सरळ विचारू शकते, “पानाला हिरवा रंग देणाऱ्या पदार्थाचं नाव कोण सांगेल?” चार हात वर होतात, धडा पुढे जातो, आणि मुलांची उजळणीही होते. अशी वाक्ये आपापल्या कामाच्या संदर्भात आधीच जुळवून ठेवावीत, कारण अडचणीच्या क्षणी नवे वाक्य रचणे हेच सर्वांत कठीण जाते.

धागा सुटला, तर “आपण कशावर बोलत होतो, जरा आठवण करून द्या” असे मोकळेपणाने म्हणावे. “माझं आता काही खरं नाही”, “म्हातारपण आलं बाई” ही वाक्ये मात्र कटाक्षाने टाळावीत. ती ऐकून समोरच्याचे लक्ष विषयावरून उडून आपल्या विसराळूपणाकडे जाते, आणि आपल्यालाही हळूहळू ती खरी वाटू लागतात.

बैठकीत आणि फोनवर

कार्यालयातील बैठक असो की बचत गटाची, विषयांची यादी आदल्या दिवशी मागून घ्यावी आणि आपले म्हणणे दोन-तीन मुद्द्यांत कागदावर लिहावे; पूर्ण भाषण नव्हे, प्रत्येक मुद्द्याचा एकच शब्द. शक्यतो सुरुवातीलाच बोलून घ्यावे, कारण तासभर इतरांचे ऐकत आपला मुद्दा डोक्यात धरून ठेवणे या दिवसांत अवघड होते. दुसरे बोलत असताना काही सुचले, तर लगेच एक शब्द टिपून ठेवावा.

बैठक संपण्यापूर्वी ठरलेले मोठ्याने उच्चारून घेण्याची सवय फार उपयोगी आहे. “म्हणजे कर्जाच्या हप्त्यांची यादी मी १५ तारखेपर्यंत द्यायची, आणि बँकेत भरणा ताईंनी करायचा, बरोबर ना?” असे विचारल्याने आपल्या मनात ते पक्के बसते, आणि कोणाचा काही गैरसमज झाला असेल तर तो तिथेच दूर होतो. तेच वाक्य नंतर व्हॉट्सअ‍ॅपवर टाकावे. फोनवर कोणी लांबलचक सूचना देऊ लागले, तर “तेवढं लिहून पाठवाल का, म्हणजे माझ्याकडून काही राहणार नाही” असे सांगण्यात कमीपणा नाही.

वेळ निवडणे आपल्या हाती असेल, तिथे ती जरूर निवडावी. वेतनवाढीचे बोलणे, मुलाच्या लग्नाची बोलणी, भावंडांशी जमिनीच्या वाटणीची चर्चा ही रात्रभर झोप न झालेल्या दिवशी करू नये. एक दिवस पुढे ढकलल्याने काही हातचे जात नाही. बोलता बोलता अंगातून गरम वाफा येऊ लागल्या, तर “मी दोन मिनिटांत आले” म्हणून उठावे, पाणी प्यावे, खिडकीपाशी उभे राहावे आणि मग परत येऊन बोलणे पुढे न्यावे. एका वेळी एकच संभाषण असावे. मिक्सर चालू, टीव्ही चालू आणि हातात फोन, अशा स्थितीत तरुण माणसाचेही लक्ष उडते.

घरात कसे सांगावे

कार्यालयात शरीराची कारणे सांगावीत की नाही, हा जिचा तिने घ्यायचा निर्णय आहे. “बैठकीनंतर मुद्दे लेखी मिळाले, तर माझं काम चोख होतं” एवढ्यावरही भागते. घरात मात्र न सांगणे महागात पडते, असे माझे ठाम मत आहे. एकत्र राहणाऱ्या कुटुंबात विसरण्याचा अर्थ फार लवकर बेपर्वाई असा लावला जातो. सासूबाईंनी सांगितलेले औषध आणायचे राहिले की “हिला आमची किंमत नाही”, नवऱ्याच्या मित्राचे नाव चुकले की “तुझं लक्षच नसतं”, आणि मुलीच्या परीक्षेची तारीख पुन्हा विचारली की “आई, तू ऐकतच नाहीस.” तिघांनाही वाईट वाटते ते विसरण्याचे नव्हे, आपल्याला गृहीत धरल्याचे, म्हणून उत्तरही तिथेच द्यावे लागते.

सासूबाईंना असे सांगता येईल, “आई, तुम्ही सांगितलेलं मी मनापासून ऐकते, पण सध्या ते लगेच निसटतं. पाळी जायच्या दिवसांत असं होतं म्हणतात. तुमचं काम राहू नये म्हणून मी फ्रिजवर लिहून ठेवत जाईन.” त्यांच्याही आयुष्यात हे दिवस येऊन गेलेले असतात आणि बहुधा त्यांना कोणी विचारलेले नसते, त्यामुळे या एका वाक्यावरून कधी कधी दोघींचे बरेच बोलणे होते. नवऱ्याला काय हवे ते नेमके सांगावे: “अहो, मी शब्द शोधत असले की लगेच सुचवू नका, थोडं थांबा. मागितला तरच सांगा.” ‘समजून घ्या’ एवढेच म्हटले, तर नक्की काय करायचे ते कोणालाच कळत नाही.

ऐकणाऱ्यांनीही एवढे पाळावे: “मघाशीच सांगितलं ना” हे म्हणू नये, पाहुण्यांसमोर विसरण्याची थट्टा करू नये, आणि एका दमात तीन कामे सांगू नयेत.

डॉक्टरांशी बोलताना

तपासणीच्या खोलीत नेमके सांगायचे तेच राहून जाते, म्हणून एक कागद तयार न्यावा. शेवटची पाळी कधी आली, झोप कशी लागते, त्रास केव्हापासून आहे, कोणती औषधे चालू आहेत, आणि विसरण्याचे दोन-तीन खरे प्रसंग त्यावर असावेत. सर्दी-अ‍ॅलर्जीची काही औषधे आणि झोपेच्या गोळ्याही डोके जड करतात, म्हणून त्यांची नावे गाळू नयेत. थायरॉइडचे विकार, ब१२ जीवनसत्त्वाची कमतरता, रक्तक्षय आणि नैराश्य यांचीही लक्षणे अशीच असतात, “या तपासण्या करायला हव्यात का?” असे स्वतःहून विचारावे. गर्भाशयाची शस्त्रक्रिया झाली असेल, तर अंडाशयेही काढली होती का, ते जुन्या कागदांवरून पाहून सांगावे, कारण ती काढल्यास रजोनिवृत्ती एकदम येते आणि त्रास अधिक तीव्र असू शकतो. गरम वाफांसाठी संप्रेरकांचे उपचार दिले जातात, परंतु केवळ विसरण्यासाठी ते सुचवले जात नाहीत. आपल्याला ते योग्य आहेत का, हे तब्येतीचा पूर्ण इतिहास पाहूनच ठरते.

रोजच्या रस्त्यावर वाट चुकणे, नेहमीचे व्यवहार जमेनासे होणे किंवा त्रास महिनोन्‌महिने वाढत जाणे, यांतले काही असेल तर ते सर्वांत आधी सांगावे. आणि बोलणे अचानक अडखळले, तोंड वाकडे झाले किंवा एका बाजूचा हात-पाय लुळा पडला, तर तो ब्रेन फॉग नव्हे, पक्षाघात असू शकतो; तेव्हा भेटीची वेळ ठरवत न बसता ताबडतोब रुग्णालय गाठावे. एरवीच्या भेटीत घरातले कोणी सोबत न्यावे, आणि उठण्यापूर्वी “डॉक्टर, मला समजलं ते एकदा सांगते, चुकलं तर दुरुस्त करा” असे म्हणून गोळ्यांच्या वेळा त्यांच्यासमोरच लिहून घ्याव्यात.