ओओपी शिकताना: आधी एक क्लास, दोन ऑब्जेक्ट

ओओपी म्हणजे ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रॅमिंग. ‘ओओपीचे चार पिलर सांगा’ हा प्रश्न परीक्षेत आणि मुलाखतीत हमखास येतो, म्हणून बहुतेक जण शिकायलाही तिथूनच घेतात. व्याख्या पाठ होतात आणि क्लास लिहायला बसलं की हात अडतो. सुरुवातीला ते पिलर (एन्कॅप्सुलेशन, इनहेरिटन्स वगैरे) बाजूला ठेवा. पायथनमध्ये एकच क्लास, म्हणजे साचा, लिहा, पण त्याचे निदान दोन ऑब्जेक्ट, म्हणजे त्या साच्यातून घडलेल्या वस्तू, बनवा. एकावर सगळं बरोबरच वाटतं. चुका दुसऱ्यावर उघड्या पडतात.

बचत गटाचा ‘सभासद’ घ्या. नाव, शिल्लक आणि हप्त्यांची लिस्ट ही माहिती. भरणा आणि उचल या मेथड, म्हणजे क्लासमधली फंक्शन. सुरुवातीची मूल्यं इनिटमध्ये (ऑब्जेक्ट बनताना आपोआप चालणारी मेथड) सेल्फवर, म्हणजे त्या-त्या ऑब्जेक्टवर, ठेवायची. इनिटच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन अंडरस्कोर हवेत. एकेकच दिला तर क्लास निमूट चालतो आणि नाव देऊन ऑब्जेक्ट बनवताना टाइपएरर येते: हा क्लास आर्ग्युमेंट घेत नाही. भरणाच्या कंसात सेल्फ राहून गेला, तर तक्रार वेगळी: आर्ग्युमेंट एक हवं होतं, दिली दोन. आपण तर फक्त 500 दिलेले! जादाचं म्हणजे खुद्द ऑब्जेक्ट. पायथन ते आपणहून पहिल्या जागी पाठवतं.

खरी फसगत लिस्टची, कारण तिथे एररच येत नाही. रिकामी लिस्ट इनिटबाहेर, थेट क्लासखाली लिहिली, तर ती सगळ्या ऑब्जेक्टची सामाईक होते. सुनंदाचा हप्ता ॲपेंड केला की शालनच्या नावावरही दिसतो. शिल्लक तशीच बाहेर शून्य लिहिली तरी बिघडत नाही, आणि म्हणूनच गोंधळ वाढतो. सेल्फच्या शिल्लकेत बेरीज ठेवताच त्या ऑब्जेक्टची वेगळी शिल्लक तयार होते. ॲपेंड मात्र जुनीच लिस्ट बदलतं.

शिल्लक 300 असताना 500 मागितले, तर उचल मेथडनेच व्हॅल्यूएरर द्यावी. एन्कॅप्सुलेशन ते हेच: माहिती आणि तिचे नियम एकाच क्लासमध्ये. बाहेरून कुणी थेट शिल्लक बदलू पाहिली, तर जावात प्रायव्हेट फील्डपाशी कंपायलर अडवतो. पायथनमध्ये नावाआधीचा एक अंडरस्कोर ही नुसती विनंती.

इनहेरिटन्सची, म्हणजे एका क्लासवरून दुसरा क्लास काढण्याची, घाई नको. शिल्लक गटालाही असते म्हणून सभासदवरून गट काढू नका. गट हा सभासद नव्हे, त्याच्यात सभासदांची लिस्ट असते. अध्यक्ष मात्र सभासदच, तेव्हा तो क्लास काढता येतो. त्याला स्वतःचं इनिट दिलंत तर आत सुपरमार्फत मूळ इनिट बोलवा, नाहीतर शिल्लक वाचताना ॲट्रिब्यूटएरर येईल. पण अध्यक्ष अधूनमधून बदलणार असेल, तर वेगळ्या क्लासपेक्षा सभासदातच ‘पद’ नावाचं एक फील्ड ठेवलेलं बरं.