नुस्ते खावे, पण हिशेबाने: माशांतला पारा आणि इतर चिवट रसायने ताटात कमी कशी येतील

मडगावच्या नाहीतर म्हापशाच्या बाजारात मासळी घेताना आपण कल्ले उघडतो, डोळे बघतो, बोटाने दाबून बघतो. त्यातून ताजेपणा कळतो, पारा कळत नाही. पहाटे जाळ्यातून निघालेल्या चकचकीत इसवणीत (सुरमईत) पारा जास्त असू शकतो आणि दुपारच्या मलूल तारल्यांत नावापुरता. २०१८ साली गोव्यात फॉर्मेलीनवरून गदारोळ झाला, तो विषय निराळा. फॉर्मेलीन हे टिकवणारे रसायन मासा मेल्यावर लावतात. इथे बोलायचे आहे ते मासा जिवंत असताना त्याच्या अंगात साठत गेलेल्या आणि लवकर न मोडणाऱ्या पदार्थांबद्दल.

काय कुठे बसते, ते आधी

मिथाइल मर्क्युरी, म्हणजे पाऱ्याचे विषारी रूप, माशाच्या मांसातल्या प्रथिनांना चिकटते. मीठ-हळद लावा, सोलांच्या पाण्यात ठेवा, तळा, हुमण करा, ते जात नाही. उलट तळताना पाणी उडते आणि उरलेल्या तुकडीत दर ग्रॅमला पारा किंचित वाढतोच. पीसीबी (कारखान्यांत पूर्वी वापरलेली तेलकट रसायने) आणि डीडीटी या कीटकनाशकाचे अवशेष चरबीत राहतात: कातडीखाली, पोटाच्या पट्टीत, यकृतात. कॅडमियम हा विषारी धातू मुख्यतः आतल्या अवयवांत असतो. तीन पदार्थांच्या तीन जागा, म्हणून उपायही तीन. ‘नीट धुऊन घ्या’ हा सल्ला या तिन्हींपैकी एकालाही लागू पडत नाही.

पहिले काम: चार आठवड्यांची यादी

घरात कोणते नुस्ते किती वेळा आले, ते एका कागदावर लिहा आणि समोर तो मासा काय खातो ते मांडा. बांगडा, तारले, वेर्ल्या हे प्लवकांवर, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांवर, जगणारे आणि थोड्या आयुष्याचे, त्यामुळे पारा साठायला त्यांना वेळच मिळत नाही. शेवटे, सुंगटे (कोळंबी), लेपो यांच्यातही तो सहसा कमी. इसवण, चणक, तामसो इतर मासे खातात, म्हणून त्यांच्यातला पाराही यांच्यात जमा होतो. मोरी (शार्क) आणि मोठा ट्यूना सर्वांत वर. एकाच जातीतही वय आणि लांबी वाढली की पारा वाढतो. म्हणून लहान इसवण घेतलेली बरी. सणाला मिरवायची भलीमोठी इसवण या हिशेबात वाईट.

इंटरनेटवरच्या अमेरिकी यादीत ‘किंग मॅकेरल’ टाळा असे लिहिलेले असते आणि लोक ते इसवणीला चिकटवतात. तो अटलांटिकमधला वेगळा मासा आहे. पण वंश तोच, सवयही शिकाऱ्याची. इसवण बंद करायची गरज नाही, ती रोजची करू नका इतकेच.

दुसरे: गुणाकार-भागाकार

जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटनेच्या तज्ज्ञ समितीने २००३ साली मिथाइल मर्क्युरीची आठवड्याची सोसवणारी मात्रा ठरवली: शरीराच्या दर किलोला १.६ मायक्रोग्रॅम. ६० किलोच्या माणसाला ९६. आता माशात दर किलोला ०.५ मिलिग्रॅम असेल तर १०० ग्रॅम तुकडीत ५० मायक्रोग्रॅम येतात. म्हणजे आठवड्याला साधारण १९० ग्रॅम, मध्यम दोन तुकड्या. ०.०५ असेल तर पावणेदोन किलो खाल्ले तरी मर्यादेत. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानक संस्थेने शार्कसाठी ठेवलेली कमाल मर्यादाच दर किलोला १.६ मिलिग्रॅम आहे, त्या पातळीची मोरी ६० ग्रॅम खाल्ली की आठवडा संपला.

हाच हिशेब १५ किलोच्या मुलाचा करा. त्याच्या वाट्याला २४ मायक्रोग्रॅम. ०.५ वाल्या माशाच्या ५० ग्रॅममध्येच तो पार होतो. काटा नाही म्हणून आपण मुलाला इसवणीची मधली तुकडी देतो, घोटाळा तिथेच होतो. काटे काढून बांगडा किंवा लेपो द्या. कटकट आहे, पण मुलाला तोच बरा.

गरोदर बाईने, किंवा मूल हवे असलेल्या बाईने, मोरी आणि मोठा ट्यूना पूर्ण थांबवावा. आणि तेही आधीपासून: शरीरातला पारा निम्मा व्हायला सुमारे ५० दिवस लागतात, त्यामुळे दिवस राहिल्यावर सुरू केलेले पथ्य उशिराचे ठरते. तीन-चार महिने आधी धरले तर उपयोग. तिने मासेच सोडणे मात्र चूक. गर्भाच्या मेंदूला लागणारे ओमेगा-३ बांगड्या-तारल्यांत भरपूर असते.

तिसरे: साफ करताना

कुर्लीची (खेकड्याची) पाठ उघडली की आत तपकिरी-पिवळा, मऊ लगदा दिसतो. ते तिचे यकृत म्हणा, कॅडमियम तिथे सर्वांत जास्त. चमच्याने खरवडून टाका आणि मगच कुर्ली फोडा. आख्खी रश्श्यात टाकली तर लगदा रश्श्यात उतरतो. नारिंगी, घट्ट लाख ही अंडी, ती वेगळी. माणक्यांची (स्क्विडची) आतडी फाटू न देता ओढून काढा.

तिसऱ्या, खुबे, शिनाणे हे शिंपले पाणी गाळून जगतात आणि गाळातले धातू उचलतात. रात्रभर मिठाच्या पाण्यात ठेवले की रेती निघते, कॅडमियम-शिसे निघत नाही. त्याला महिने लागतात. इथे फरक पडतो तो जागेने. धक्का, जहाजदुरुस्तीचा यार्ड, सांडपाण्याचा नाला यांच्याजवळ खणलेल्या तिसऱ्या घेऊ नका. जहाजांच्या बुडाला लावायच्या ट्रायब्युटिलटिन रंगावर २००८ पासून आंतरराष्ट्रीय बंदी आहे, पण ते गाळात वर्षानुवर्षे टिकते. विकणारणीला सरळ विचारा, कुठल्या आहेत म्हणून.

खाडीतला मोठा, चरबीदार मासा असेल तर कातडी, पोटाची पट्टी, यकृत काढा आणि जाळीवर भाजा. चरबी गळते तसे पीसीबीही गळतात. हुमणात ते रश्श्यातच राहतात. तारल्यांना हा सोपस्कार नको. त्या अन्नसाखळीच्या तळाच्या, आणि चरबी काढली तर खायचे कशाला?

पुरुमेंताचे नुस्ते

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, तेव्हा घरात पुरुमेंताचे, म्हणजे पावसाळ्यासाठी साठवलेले, खारे असते. सुकताना पाणी जाते, पारा जात नाही. १०० ग्रॅम सुकी मोरी म्हणजे ताजी अंदाजे ३०० ग्रॅम. सुके बांगडे आणि गालमो (सुका जवळा) साठवा. आंबट-तीखासाठी मोरी हवीच असेल तर ताजी, लहान, कधीतरी.

तपासून घ्यायचे असेल तर

अन्नसुरक्षा प्राधिकरणाची मान्यता असलेल्या प्रयोगशाळेत द्या. पाठीकडचे कातडीविरहित मांस, पाव ते अर्धा किलो, स्वच्छ पिशवीत गोठवून. अर्जात ‘एकूण पारा, कॅडमियम, शिसे, ओल्या वजनावर’ असे लिहा. हे राहिले आणि आकडा सुक्या वजनावर आला तर तो चार-पाच पट दिसतो, कारण ताज्या माशात तीन चतुर्थांशाहून जास्त पाणीच असते. ‘एकूण आर्सेनिक’चा आकडाही मोठा येईल, दचकू नका. माशांतले बहुतेक आर्सेनिक आर्सेनोबीटेन या जवळजवळ निरुपद्रवी रूपात असते. घातक ते असेंद्रिय, त्याची चाचणी वेगळी मागावी लागते.