बाळाचा मॉनिटर घेण्याआधी: ब्रिटनमध्ये नव्याने आलेल्या मराठी आईवडिलांसाठी

ब्रिटनमध्ये येऊन वर्षही उलटलेले नसताना घरात पाळणा हलणार असल्याची बातमी येते, खरेदीची यादी तयार होऊ लागते आणि त्या यादीत बेबी मॉनिटर, म्हणजे बाळाजवळच्या संचातून त्याचा आवाज किंवा चित्र आपल्याजवळच्या संचावर पोहोचवणारे यंत्र, बराच वर असतो. रीडिंगमध्ये चौदा वर्षे राहिल्यामुळे आणि दोन्ही मुले इथेच वाढवल्यामुळे नवी जोडपी मला हमखास विचारतात की कोणता मॉनिटर घ्यावा. मी उलट विचारते की बाळ झोपणार कुठे आहे आणि तुम्ही त्या वेळी घरात कुठे असणार आहात. या दोन प्रश्नांची उत्तरे मिळाली की निम्मी वैशिष्ट्ये आपोआप गळून पडतात.

पहिले सहा महिने बाळाने दिवसाची आणि रात्रीची झोप मोठ्यांच्याच खोलीत, परंतु स्वतःच्या वेगळ्या कॉटमध्ये घ्यावी, असा एनएचएसचा (इथल्या सरकारी आरोग्यसेवेचा) आणि बाळांच्या सुरक्षित झोपेसाठी काम करणाऱ्या ललबाय ट्रस्टचा सल्ला आहे. आपल्याकडे बाळाला वेगळ्या खोलीत झोपवण्याची पद्धतच नसल्यामुळे हा सल्ला आपल्याला जड जात नाही; उलट सहकाऱ्यांच्या तोंडून सजवलेल्या नर्सरीची वर्णने ऐकून आपले काही चुकते आहे की काय, असे वाटू लागते. चुकत काही नाही. मॉनिटर प्रसूतीच्या आधी विकत घेऊन ठेवलाच पाहिजे असेही नाही. बाळ चार-पाच महिन्यांचे होईपर्यंत तुम्हाला घराची सवय झालेली असते, कदाचित घर बदललेलेही असते, आणि काय हवे हे नेमके कळते.

गरज पडते ती इथल्या घरांच्या रचनेमुळे. सांगलीतल्या आमच्या घरात बाळ कुठेही रडले तरी सगळ्या घराला ऐकू जाई. इथल्या जुन्या टेरेस्ड, म्हणजे एकमेकांना चिकटून ओळीने बांधलेल्या, घरात झोपायच्या खोल्या वर, स्वयंपाकघर खाली मागच्या बाजूला, मधल्या भिंती विटांच्या, आणि ऊब टिकावी म्हणून हिवाळ्यात सगळी दारे बंद. खोक्यावर मोकळ्या जागेत 300 मीटर आणि घरात 50 मीटर असा पल्ला छापलेला असला, तरी दोन विटांच्या भिंती आणि एक जिना पार करताना त्यातला किती उरतो हे तुमच्याच घरात तपासावे लागते. ऑनलाइन घेतलेली वस्तू हातात पडल्यापासून 14 दिवसांच्या आत खरेदी रद्द करण्याचा हक्क इथल्या कायद्याने दिलेला आहे. तेव्हा खोके फेकण्याआधी संच स्वयंपाकघरात, कपडे धुण्याच्या यंत्राजवळ आणि बागेच्या टोकाला नेऊन पाहावा.

तंत्राच्या दृष्टीने मुख्य प्रकार तीन आहेत. केवळ आवाजाचे बरेचसे मॉनिटर डेक्ट पद्धतीने, म्हणजे इथल्या बिनतारी फोनसारखे, 1880 ते 1900 मेगाहर्ट्झ या पट्ट्यात चालतात. पडद्यासह येणारे पण इंटरनेट न वापरणारे चित्राचे मॉनिटर बहुधा 2.4 गिगाहर्ट्झवर, आणि तिसरे वायफायचे, जे तुमच्या राउटरवरून मोबाइलमधल्या ॲपवर चित्र पाठवतात. फ्लॅटमध्ये राहत असाल तर शेजारपाजारचे डझनभर वायफाय 2.4 गिगाहर्ट्झवरच गर्दी करतात, त्यामुळे तिथे डेक्ट अधिक निर्धोक चालते. इथे एक सावधगिरीची सूचना: न्यू जर्सीच्या मामाने प्रेमाने आणलेला डेक्ट मॉनिटर वापरू नये. अमेरिकेत त्या पद्धतीसाठी 1920 ते 1930 मेगाहर्ट्झचा पट्टा राखलेला आहे आणि ब्रिटनमध्ये तोच भाग मोबाइल कंपन्यांच्या जाळ्याकडे आहे. शिवाय तिथली वीज 120 व्होल्टची, इथली आपल्यासारखी 230 ची. ॲडॅप्टरवर 100 ते 240 असे लिहिलेले नसेल, तर तो जळण्याची शक्यता आहे.

माझ्या मते आवाजाचा साधा मॉनिटर बहुतेक घरांना पुरतो, पण त्यात तीन गोष्टी असल्याच पाहिजेत. जोडणी तुटली किंवा संच पल्ल्याबाहेर गेला तर त्याने स्वतःहून गजर द्यावा, बॅटरी उतरत आल्याचेही तसेच कळवावे, आणि आवाजाच्या चढउताराबरोबर उजळणारी दिव्यांची पट्टी त्यावर असावी. पहिल्या दोन गोष्टी नसतील तर मॉनिटरच्या शांततेचा अर्थ लागत नाही: बाळ झोपले आहे की संचच बंद पडला आहे? तिसरीचे महत्त्व मला एका संध्याकाळी कळले. कुकरच्या शिट्ट्या चालू, वर चिमणीचा पंखा, फोडणी तडतडते आहे, आणि वर मुलगी किती वेळ रडत होती हे मला वर गेल्यावर तिच्या लालबुंद चेहऱ्यावरून समजले. त्या संचाला दिवे नव्हते. दिवे असते तर ओट्यापाशी उभ्या उभ्याही नजरेला पडले असते. स्वयंपाकाचा आवाज इंग्रजी घरातही होतो, पण कुकर हिशेबात धरून मॉनिटर बनवला जात असेल असे मला वाटत नाही.

आवाज झाल्यावरच जागा होणारा, एरवी गप्प राहणारा संच बॅटरी वाचवतो; मात्र त्याची संवेदनशीलता पहिल्या रात्री स्वतः ठरवावी, कारण ती कमी ठेवली तर बाळाची पहिली कुरकुर निसटते आणि जास्त ठेवली तर पावसाच्या प्रत्येक सरीला तो बोलू लागतो. अंगाईगीते, छतावर तारे पाडणारा दिवा यांसाठी वेगळे पैसे देऊ नयेत. बाळाशी लांबून बोलण्याच्या सोयीने आमचा मुलगा शांत होण्याऐवजी आई दिसत नाही म्हणून अधिकच भडकत असे.

वायफायच्या कॅमेऱ्याचा मोह निराळ्या कारणाने पडतो. आजीआजोबा तिकडे आहेत, त्यांना नातवंड दिसावे, ही इच्छा स्वाभाविक आहे आणि ॲप त्यांच्या फोनवर घालणे सोपे आहे. आम्ही तेच केले. हिवाळ्यात भारताचे घड्याळ इथल्यापेक्षा साडेपाच तास पुढे असते, म्हणजे सांगलीत पहाटे सहाला चहा घेताना सासूबाई कॅमेरा उघडत तेव्हा इथे रात्रीचे साडेबारा वाजलेले असत, आणि बाळ नुसते कूस बदलले तरी "रडतंय का गं?" असा संदेश येई. त्यांच्या मनात काही वावगे नव्हते. पण मी रात्री अंगावर पाजत असताना तो कॅमेरा चालू आहे याची जाणीव मला आठवडाभराने झाली, आणि त्यानंतर तो बोलण्याचा विषय घरात फार नाजूक झाला. म्हणून सांगते: पासवर्ड कोणाकोणाला द्यायचा हे नवराबायकोने आधीच आपसात ठरवावे, आणि नातवंड दाखवण्यासाठी ठरलेल्या वेळी व्हिडिओ कॉल करावा.

परक्यांचा धोका तर आहेच. घरातल्या स्मार्ट कॅमेऱ्यांबाबत इथल्या नॅशनल सायबर सिक्युरिटी सेंटरने 2020 मध्ये दिलेला सल्ला साधा आहे: आधीपासून आलेला पासवर्ड बदला, सॉफ्टवेअर अद्ययावत ठेवा आणि बाहेरून पाहण्याची गरज नसेल तर ती सोय बंद करा. असंबद्ध तीन शब्द जोडून पासवर्ड करावा, असेही ते केंद्र सुचवते. ते शब्द मराठी घेतले तर आणखी बरे. 29 एप्रिल 2024 पासून लागू झालेल्या कायद्यानुसार इंटरनेटला जोडली जाणारी उपकरणे सर्वांना सारख्याच, सहज ओळखता येणाऱ्या पासवर्डसह विकता येत नाहीत, आणि सुरक्षेचे अपडेट किती काळ मिळतील हेही उत्पादकाला जाहीर करावे लागते. ती मुदत पाहूनच वस्तू निवडावी; जुना वायफाय कॅमेरा कोणी फुकट दिला तरी घेऊ नये. आवाजाचा डेक्ट मॉनिटर मात्र एनसीटी या आईवडिलांसाठीच्या संस्थेच्या जुन्या सामानाच्या विक्रीतून खुशाल घ्यावा, फक्त त्याची बॅटरी बदलता येते का ते पाहावे.

तापमान दाखवणारा आकडा मी आधी निरुपयोगी समजत होते. पण बाळाच्या खोलीसाठी इथे 16 ते 20 अंश सांगितले जातात, आणि महाराष्ट्रातून आलेल्या कोणत्याही आजीला ही थंडीच वाटते. टोपडे, झबले, दुपटे आणि वर गोधडी असा तिचा बेत असतो, तर इथला सल्ला घरात झोपताना टोपी नको, उशी नको, मग ती राईची का असेना, आणि सुटे पांघरूण घालण्यापेक्षा 2.5 टॉगची (टॉग म्हणजे पांघरुणाची ऊब मोजण्याचे माप) झोपायची पिशवी बरी, असा आहे. आकडा समोर दिसला की वाद आईशी न होता यंत्राशी होतो. बाळाजवळचा संच रेडिएटरजवळ ठेवू नये, नाहीतर तो रेडिएटरचेच तापमान सांगेल.

श्वास किंवा हालचाल मोजणारे पायमोजे आणि गादीखालच्या पट्ट्या ही सर्वांत महाग गोष्ट, आणि ती भीतीच्या भरात विकत घेतली जाते. झोपेतील आकस्मिक बालमृत्यू अशा उपकरणांनी टळतो याला पुरावा नाही. फरक पडला तो 1991 मध्ये इथे सुरू झालेल्या मोहिमेने, जिने बाळाला पाठीवर झोपवायला सांगितले आणि ज्यानंतर अशा मृत्यूंचे प्रमाण झपाट्याने खाली आले. बाळ मुदतपूर्व जन्मलेले असेल तर डॉक्टरांशी किंवा घरी येणाऱ्या हेल्थ व्हिजिटरशी बोलावे, दुकानदाराशी नाही. श्वासाची खरी शंका आल्यास ॲप न पाहता 999 लावावा.

कोणताही संच घेतलात तरी त्याची वायर कॉटपासून किमान एक मीटर लांब असावी. बाळ उभे राहू लागले की त्याचा हात आपण धरलेल्या अंदाजापेक्षा पुढे पोहोचतो. भाड्याच्या घरात भिंतीला भोक पाडायला घरमालकाची परवानगी लागते, तेव्हा कॅमेरा पुस्तकांच्या उंच फळीवर ठेवून वायर मागून खाली सोडणे सोयीचे.

शेवटी, मॉनिटर दिवसभर कोणाच्या हातात असणार ते पाहा. बाळंतपणासाठी आलेल्या आईला किंवा सासूबाईंना पाहुण्यांच्या व्हिसावर सहा महिने राहता येते, आणि तुम्ही कामावर रुजू झालात की संच त्यांच्याकडे जातो. ॲप, लॉगिन आणि इंग्रजी सूचना यांपेक्षा आवाज कमी-जास्त करायचे एक चाक आणि एक बटण त्यांना परवडते. आमच्या संचावरची चिन्हे इतकी बारीक होती की आईला चष्मा लावूनही दिसेनात. तेव्हा चिकटपट्टीचे दोन तुकडे लावून त्यांवर ठळक अक्षरांत "आवाज" आणि "बंद" असे लिहिले, आणि "बंद"वर लाल शाईने फुली मारली.